तारा कुणाच्या घरावर

युद्ध सुरू होऊन दुसरा हिवाळा लागला होता आणि पासलीच्या माणसांना आभाळाकडे बघायची खोड जडली होती. वेल्ह्याच्या बाजारात कुणीतरी सांगून गेलं होतं की जर्मनचं इमान, म्हणजे विमान, दिवा लावून फिरतं आणि दिव्याखाली जे गाव सापडेल त्याचा चुराडा करतं. तेव्हापासून गुरं दावणीला बांधली की गडीमाणसं माना वर करून उभी राहायची. इमान काही आलं नाही. पण माघात एके दिवशी, दिवस बुडून अंधार पडायच्या बेताला, मावळतीच्या डोंगरावर शेपटीचा तारा मात्र खरोखरच दिसला.

डोकं खाली आणि शेपूट वर. घरात केरसुणी कुणी अशी उभी ठेवत नाही, अवदसा येते म्हणतात. आणि इथं ती आभाळात उभी होती. भोरात शिकलेली माणसं त्याला धूमकेतू म्हणत होती म्हणे. पासलीत त्याचं नाव पडलं झाडूतारा, आणि नावापाठोपाठ बातमीही आली. झाडूतारा ज्या घरावर उभा राहतो ते घर वर्षाच्या आत झाडून नेतो. हे कुणी सांगितलं, कुठं घडलं, विचारायची सोय नव्हती. ज्याला विचारावं त्याने ते दुसऱ्याकडूनच ऐकलेलं असायचं.

पहिल्या दिवशी तारा नुसता डोंगरावर होता. मग तो डोंगराच्या सोंडेवर वसलेल्या सोंडवाडीवर आला. आठवडा भरायच्या आत सोंडवाडीतल्या नेमक्या एका घरावर येऊन थांबला, आणि ते घर कुंडलिकाचं निघालं. ताऱ्याला एवढी बारीक नजर नसेल, पण पासलीच्या पाराला होती. कुंडलिकाची लेक फुला पासलीच्या आनंदरावाच्या घरी दिलेली होती. सुपारी फुटली होती, फाल्गुनात लग्न होतं. त्या दिवसांत पासलीत सोंडवाडीचं नाव निघालं की कुंडलिकाच्याच घराचं निघायचं. तारा बिचारा बोलण्याच्या मागोमाग गेला.

फुलाची आई साळूबाई ही पासलीचीच माहेरवाशीण. तिला ही बातमी तिच्या सख्ख्या थोरल्या भावाने, चिमाजीने, आणून सांगितली. आनंदराव घाबरलाय, म्हणाला. लग्न थांबवतो म्हणतोय. कुंडलिक तेव्हा ओसरीवर पाय लांब करून बसला होता. पायाला नारू झाला होता, घोटा भोपळ्याएवढा सुजला होता. बोलायचं काम तो बायकोवर सोपवून मोकळा असे.

साळूबाईने मात्र ऐकून घेतलं आणि सरळ अंगणात जाऊन उभी राहिली. तिन्हीसांजेची वेळ. तिने मान वर करून आपल्या छपरावर बघितलं. छपरावर काही नव्हतं. तारा पार पलीकडे, घाटमाथ्याच्या कड्यावर होता, जसा पासलीतून सोंडवाडीवर दिसत होता तसाच.

“दादा, हिकडं ये,” तिने हाक मारली. “माज्या घरावर उबा आसता तर मला मान मोडूस्तवर वर बगावं लागलं आसतं. ह्यो तर फुडंच हाय.”

चिमाजीने बघितलं. बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, खरंच की गं.

साळूबाईला लिहितावाचता येत नव्हतं, पण तिची एक सवय होती. स्वतः बघितल्याशिवाय ती कशाला हो म्हणायची नाही. म्हैस गाभण आहे म्हणून विकणारा शपथ घेत असला तरी ही आधी म्हशीच्या पोटाला हात लावणार. शेजारणी तिला हसायच्या. साळीला देव भेटला तरी ती त्याला हात लावून बघेल, असं शेजारची सगुणाबाई म्हणायची. ह्या सगुणाबाईला भाऊ नव्हता. दर भाऊबीजेला सगळ्या बाया आपापल्या भावांना ओवाळत असताना ती एकटी ताट घेऊन अंगणात जाई आणि बीजेच्या चंद्राला ओवाळी. भाऊ नसलेल्या बाईने चंद्रालाच भाऊ मानायचं, अशी आपली रीत. साळूबाईला तिची इतकी दया यायची की चिमाजीने आणलेल्या खाऊतला निम्मा ती मुकाट तिच्या घरी पाठवून द्यायची. आपल्याला असा भाऊ आहे, ह्याची तिला थोडी लाजच वाटायची म्हणा ना.

आणि भाऊ होताही तसा. आईबाप लवकर गेले तेव्हा त्यानेच हिला वाढवलं. ओढ्याला पाणी आलं की खांद्यावर घेऊन पार करायचा. फुलाचं स्थळही त्यानेच जमवून दिलं होतं. त्याची स्वतःची हौसा फुलाच्याच वयाची, पण तिचं तेव्हा दुसरीकडे ठरत होतं. पुढं ते मोडलं, आणि साळूबाईने भावाच्या गळ्यात पडून हौसासाठी रडून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी साळूबाई भावाबरोबर पासलीला गेली आणि आनंदरावाच्या ओसरीखाली उभी राहून बोलली. ती म्हणाली, तारा सोंडवाडीवर नाही, पुढं आहे. आनंदराव वाईट माणूस नव्हता, पण घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या माणसाला दुसऱ्याचं नुकसान लहान दिसतं. तो म्हणाला, तू आई आहेस, तू तसंच म्हणणार. मग त्याने पंचांना विचारून एक तोड काढली. दोन्ही घरांना ज्याचा भरवसा आहे अशा माणसाने जाऊन बघावं, आणि भैरोबाच्या देवळात बेलभंडार उचलून सांगावं. तारा सोंडवाडीवर नाही असं तो म्हणाला तर फाल्गुनात अक्षता पडतील. आहे म्हणाला तर सुपारी परत.

आता दोन्ही घरांच्या भरवशाचा माणूस कोण? पासलीचा रहिवासी, आनंदरावाच्या उठण्याबसण्यातला, आणि मुलीचा मामा. कुणी नाव घ्यायच्या आत साळूबाईनेच घेतलं.

“माजा दादा बगंल,” ती म्हणाली. “त्यो सांगंल ते मला कबूल.”

हे शब्द तिने सगळ्यांसमोर उच्चारले. पुढे कित्येक रात्री ते तिला आठवणार होते.

तीन दिवसांनी चिमाजी बघायला आला. बघायचं तर नीट बघायचं, म्हणून साळूबाईने भावाला सोंडवाडीत थांबू दिलं नाही. भाकरी बांधून घेतली आणि दोघं घाटमाथ्याकडे निघाली. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, फांद्या तोडायचे दिवस होते. वाटेत झाडं बोडकी उभी होती आणि तोडलेल्या डहाळ्यांचे ढीग वाळत पडले होते. साळूबाई पुढं, चिमाजी मागं. ती वाटभर फुलाचंच बोलत होती. पोर चार दिवस जेवली नाही. पाण्याला गेली तर विहिरीवरच्या बाया घागर बाजूला ओढतात, तिची सावली पडेल म्हणून. मानसिंग, म्हणजे आनंदरावाचा मुलगा, एकदा बाजारात तिच्याकडे बघून हसला होता, त्यावर ती महिनाभर हसत होती. चिमाजी हूं हूं करत होता.

कड्यावर पोचली तेव्हा सूर्य बुडत होता. खाली सगळं कोकण, धुरकट. अंधारत आलं तसा तारा उमटला. कड्यावर नव्हता. कड्याखालच्या गावांवरही नव्हता. कोकणाच्या पार त्या टोकाला, जिथं समुद्र असतो म्हणतात, तिथं टेकला होता.

मिठाचं ओझं घेऊन एक कोकण्या घाट चढून वर आला होता आणि दगडावर घाम पुसत होता. साळूबाईने त्याला विचारलं, तुमच्याकडे हा कुणाच्या घरावर दिसतो? तो म्हणाला, आमच्याकडे म्हणतात समुद्रातल्या गलबतांवर उभा आहे. बायका नवऱ्यांना मासळीला जाऊ देत नाहीत. चिमाजी खो खो हसला. त्याने कोकण्याला चिलीम दिली, त्याचं गाव विचारलं, गलबतवाले काय म्हणतात तेही विचारलं. गलबतवाले म्हणतात तारा आणखी पुढं आहे.

साळूबाईला एकदम सगळं कळलं. जो तो आपल्या मावळतीला बघतो आणि तारा शेजारच्या गावावर ढकलतो. तारा कुणाच्याच घरावर नव्हता. तिला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. तिथंच कड्यावर बसून तिने पोटभर रडून घेतलं.

चिमाजीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. “गप, साळे. उद्या सांगतो देवळात. फुलीच्या मागं मामा म्हून मलाच उबं ऱ्हायाचं हाय.”

परतताना चूड पेटवून चिमाजी पुढं चालला. तो फारसा बोलत नव्हता. तो दमला असेल, असं तिला वाटलं. दमलेल्या भावाला उगाच बोलायला लावू नये म्हणून तीही गप्प राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भैरोबाच्या देवळात पासलीची झाडून सगळी माणसं जमली. बाया बाहेर, दगडी पायऱ्यांपाशी. गुरवाने बेलाची पानं आणि भंडारा आणला. बेलभंडार उचलून खोटं बोललेला माणूस त्या मुलखात कुणी पाहिला नव्हता. बोलले असतीलही, पण पाहिला नव्हता. म्हणून तर सगळ्यांचा त्याच्यावर एवढा विश्वास. चिमाजीने ओंजळ पुढं केली.

“म्या सोंडवाडीत गेलो,” तो म्हणाला. “साळूच्या दारात उबं राहून बगितलं. तारा तिच्या आढ्यावर हाय. सरळ आढ्यावर.”

साळूबाईला आधी वाटलं, हा काहीतरी पुढं बोलणार आहे. असं लोक म्हणतात, पण मी बघितलं ते निराळं, असं काहीतरी. ती थांबली. सगळे थांबले. चिमाजीने पानं देवापुढं ठेवली आणि हात धोतराला पुसले.

मग ती पायऱ्या चढून आत गेली. बायांनी पदर ओढला, तिने सोडवला.

“दादा, आपुन कड्यावर गेलो व्हतो. तू त्या मीठवाल्याला चिलीम दिलीस.”

“कंचा मीठवाला?” चिमाजी म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता, देवाकडे बघत होता. “म्या वाडीच्या फुडं गेलोच न्हाई.”

साळूबाईने भंडाऱ्याकडे हात नेला. म्हणाली, मी उचलते, मी सांगते काय बघितलं ते. पंचांनी ताट मागं घेतलं. आईच्या शपथेला काय अर्थ, आणि तूच म्हणाली होतीस ना, दादा सांगेल ते कबूल? तिने ते शब्द स्वतःच्या तोंडाने दिले होते. आनंदराव खाली मान घालून बसला होता. मानसिंग खांबाला टेकून उभा होता. त्याने एकदा तोंड उघडलं, बापाकडे बघितलं आणि मिटलं.

दगड मारणाऱ्या परक्या माणसाचा राग येतो. साळूबाईला राग आलाच नाही. तिला आधी आपल्याच डोळ्यांची शंका आली. आपण खरंच गेलो होतो ना कड्यावर? भाकरीचं फडकं अजून तिच्या कमरेला होतं, त्याला मिठाचे खडे चिकटले होते; कोकण्याने जाताना मूठभर दिलं होतं. तिने घरी परतताना वाटेत ते फडकं सोडून बघितलं, एक खडा जिभेवर ठेवला. खारट होता. तेव्हा कुठं तिला कळलं की आपल्याला भावाने विकून टाकलं.

सुपारी परत आली. फुलाने विचारलं, “मामाला खरंच तसं दिसलं आसंल का गं?” साळूबाईने भात वाढत असल्याचं निमित्त केलं.

तारा पंधरवड्याच्या आतच फिका पडला आणि मग दिसेनासा झाला. त्याच्याबरोबर त्याची बातमीही गेली. पारावर पुन्हा जर्मनचं इमान आलं. वैशाखात आनंदरावाच्या घरी मानसिंगाच्या लग्नाचा मांडव पडला. मुलगी ओळखीच्या घरातली, बघितलेली, पासलीतलीच होती. चिमाजीची हौसा. सोंडवाडीला निरोप आला होता, मुलीच्या आत्याने आलंच पाहिजे म्हणून. आत्या गेली नाही. सगुणाबाई गेली आणि येऊन सांगायला लागली की मांडव केवढा होता, जेवायला काय होतं. मग साळूबाईचं तोंड बघून उठून घरी गेली.

ज्या घरावर तारा उभा होता त्या घराचं म्हणाल तर काही झालं नाही. कुंडलिकाचा नारू सगळाच्या सगळा बाहेर निघाला आणि तो भातलावणीला चिखलात उभा राहिला. म्हैस व्याली. पावसाळ्यात आजूबाजूची दोन छपरं उडाली, ह्यांचं राहिलं. पण फुलाला मागणी आली नाही. लोक तारा विसरले होते, फक्त त्याने कुठलं घर दाखवलं तेवढं विसरले नव्हते. मुलगी दिसायला चांगली, कामाला वाघीण, पण… असं म्हणून माणसं पाणी पिऊन उठायची. दिवाळी आली तरी फुला घरातच होती.

आणि भाऊबीजेला चिमाजी आला.

दरवर्षीसारखाच आला. हातात खणाचा कपडा, नारळ, फडक्यात खाऊ. इतके दिवस गेले, मनं निवली असतील, असा त्याचा हिशेब. दारातूनच त्याने हाक मारली. कुंडलिक उठून मागच्या गोठ्यात निघून गेला. साळूबाई चुलीपाशी होती. ती म्हणाली, ये. चिमाजीला तेवढंही पुष्कळ झालं. तो ओसरीवर बसून फुलाला म्हणाला, पुढच्या वर्षी तुझं बघू हं पोरी, एक स्थळ आहे माझ्या मनात. फुलाने आईकडे बघितलं.

तिन्हीसांज झाली. फुलाने सवयीने पाट मांडला, भोवती रांगोळीची रेघ ओढली. चिमाजी पाटावर बसला, डोक्यावर मुंडासं नीट केलं. साळूबाईने ताट घेतलं. ताटात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, सगळं होतं. काही कमी नव्हतं. निरांजन पेटवून ती आली. चिमाजीने कपाळ जरा पुढं केलं.

ती त्याच्या पुढ्यातून तशीच गेली. उंबरा ओलांडला, अंगणात उतरली.

अंगणात सगुणाबाई दरवर्षीसारखी ताट घेऊन उभी होती. मावळतीला घाटमाथ्यावर बीजेची कोर दिसत होती, माघात तो तारा होता तिथंच. साळूबाई तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. पदर सारखा केला आणि कोरीला ओवाळू लागली. सुपारी ओवाळली, अक्षता टाकल्या.

सगुणाबाई हबकली. तिने मागं वळून घराकडे बघितलं. दार सताड उघडं होतं.

“साळे, आगं तुजा भाऊ बसलाय न्हवं घरात? पाटावर?”

बघितल्याशिवाय ज्या बाईने जन्मात शब्द काढला नव्हता, तिने ताट खाली केलं नाही. आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलली.

“न्हाई बाई. म्या आत्ताच माज्या डोळ्यांनी बगून आले. पाटावर कुणी न्हाई.”